सूर्याकडे फेकलेले दात

दवाखान्यातून घरी येताच डॉक्टर रबाबने पाणी प्यायला फ्रिज उघडला आणि पाणी विसरून ती आतच शोधत राहिली. सलगमाच्या लोणच्याशेजारी सकाळी तिने ठेवलेली दातांची बरणी तिथे नव्हती. बरणी ओट्यावर होती, घासूनपुसून उपडी घातलेली.

"आई, बरणीतले दात कुठे गेले?"

तिच्या सासूबाई, हज्जा इनायात, बाल्कनीत मुलुखियाच्या पालेभाजीची पानं खुडत बसल्या होत्या. "ते होय?" तोंडावर हात ठेवून त्या म्हणाल्या. "ते मी सूर्याला दिले."

"सूर्याला?"

"मग काय चीजशेजारी ठेवायचे? पडलेला दात घरात ठेवू नये, एवढं तुमच्या कॉलेजात शिकवत नाहीत? गच्चीवर गेले, जुने घे नि चांगले दे असं सूर्याला सांगितलं आणि एकेक करून फेकले. खांदा भरून आलाय माझा. कुणाकुणाचे होते बिचाऱ्यांचे, सगळ्यांचं भलं होईल."

रबाब मटकन स्टुलावर बसली. कॉलेजातल्या तिच्या विभागातला फ्रिज बिघडला म्हणून एका दिवसापुरते तिने रुग्णांचे काढलेले ते दात घरी आणले होते. उद्या सकाळी यंत्रावर तिचा नंबर होता. दातावर चिकटवलेलं सिमेंट ओढून काढायला किती जोर लागतो, ते हे यंत्र मोजतं. हा नंबर हुकला की पुढचा कधी, ते तिचे मार्गदर्शक प्राध्यापक सफवत यांनाच ठाऊक, आणि ते सांगायच्या मनःस्थितीत क्वचितच असत.

पण खरी गोष्ट यंत्राची नव्हती, हज्जांच्या तोंडावरच्या हाताची होती. कलिंगडाच्या बिया फोडता फोडता हज्जांचा पुढचा दात अर्धा तुटला होता. घरात दातांची डॉक्टर सून असताना बाहेर कोण जातं? रबाबने सिमेंट भरलं, ते पडलं. पुन्हा भरलं, ते पडलं नाही, उडालं. भाचीच्या लग्नात हज्जांनी जीभ नाचवत आनंदाची लांबलचक किलकारी दिली आणि सिमेंट सुटून थेट नवऱ्या मुलाच्या काकांच्या सरबतात गेलं. तेव्हापासून हज्जा हाताआडून बोलत आणि लग्नांत मुक्या बसत. आणि आता येत्या गुरुवारी त्यांच्या स्वतःच्या धाकट्या लेकीचं लग्न होतं.

सिमेंट का पडलं, ते रबाबला पक्कं माहीत होतं. कवचाखालचा दाताचा भाग, डेंटिन, भारी लहरी. फार ओला ठेवला तर चिकटद्रव धरत नाही, आणि ठणठणीत वाळवला तर त्यातले बारीक धागे खाली बसतात, द्रव आत शिरतच नाही. सासूच्या धाकाने हात कापत असल्यामुळे तिने दोन्ही वेळा हवा मारून मारून दात पार वाळवला होता. हे तिने कुणालाही सांगितलं नाही. त्याऐवजी तिने त्यावर डॉक्टरेट करायला घेतली. बरणीतल्या अर्ध्या दातांच्या डेंटिनला, धागे भक्कम राहावेत म्हणून, आधी डाळिंबाच्या सालीचा अर्क लावला आणि ओळखू यावेत म्हणून त्यांची मुळं लाल नेलपॉलिशने रंगवली. उरलेले साधे ठेवले. सगळ्यांच्या डोक्यावर सिमेंटची टोपी बसवली. आता दिवसभर उन्हात तापून त्यांचं काय झालं असेल या विचाराने तिला रडू फुटायचं बाकी होतं.

"नक्की कुठे फेकलेत, आई?"

"सूर्याकडे! तो काय उत्तरेला असतो?"

पूर्वेच्या बाजूला तळमजल्यावर उम्म हिशामचं अंगण होतं. सासू-सुना खाली उतरल्या. दार किलकिलं झालं आणि उम्म हिशामचा पांढराफटक चेहरा दिसला.

"आत येऊ नका गं बायांनो. माझ्यावर कुणीतरी करणी केलीय."

"काय सांगतेस!" हज्जांना एकदम हुरूप आला.

"अल्लाशप्पथ! सकाळी कपडे वाळत घालत होते आणि आभाळातून दात पडायला लागले. माणसांचे दात, हज्जा! आणि त्यातले कितीतरी रक्ताने माखलेले. ही माझ्या भावजयीची करामत. मागच्या ईदला माझी बिस्किटं तिच्यापेक्षा चांगली झाली, ते तिला पचलं नाही."

"ते रक्त नाही, नेलपॉलिश आहे," रबाब घाईने म्हणाली. "दात माझे आहेत."

उम्म हिशामने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. तिथे सगळे जागच्या जागी होते. "तुझे? मी काय केलंय तुझं, डॉक्टरीणबाई?"

"हिने नाही, मी फेकले," हज्जा म्हणाल्या. "आणि तुझ्यावर नाही, सूर्यावर. तू मध्ये आलीस."

यावर उम्म हिशाम बरंच काही बोलली. ते ओसरेपर्यंत थांबून रबाबने हळूच विचारलं, "दात आहेत कुठे?"

"असतील कुठे? करणीची वस्तू उन्हात ठेवतं का कुणी? ताबडतोब वेचले आणि मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवले. करणी विरघळते त्याने."

रबाबला तिचे हात धरून पापे घ्यावेसे वाटले. मिठाच्या पाण्यात! कॉलेजातसुद्धा ते तसेच ठेवतात, फक्त कारण वेगळं सांगतात.

निळ्या टबावर तिघी वाकल्या. साध्या दातांपैकी बहुतेक बोडके झाले होते आणि त्यांच्या टोप्या तळाशी पडल्या होत्या. लाल दात मात्र सगळेच्या सगळे टोप्या घालून बसले होते. हज्जांनी एक उचलला, नखाने टोपी खरवडली, ओढली, मग अक्कलदाढेखाली धरायला निघाल्या, तेव्हा रबाबने तो काढून घेतला.

प्राध्यापक सफवतांनी फोनवर शांतपणे सगळं ऐकून घेतलं. "गच्चीवरून फेकणं ही चाचणी नव्हे, डॉक्टर," ते म्हणाले. "सगळे नमुने बाद. नव्याने सुरुवात करा." आणि त्यांनी फोन ठेवला. पण ठेवण्याआधी त्यांना हसू आवरलं नव्हतं, असं रबाबला वाटलं.

ती डोकं धरून बसली. तेवढ्यात हज्जा खुर्ची ओढून समोर बसल्या आणि त्यांनी तोंडावरचा हात खाली घेतला.

"ते लालवालं मला बसव."

"आई, ते अजून माणसांवर वापरायची परवानगी नाही."

"मी कुठे माणूस? मी सासू."

तरी रबाबने दवाखान्यातलं नेहमीचंच सिमेंट वापरलं, डाळिंबाचा अर्क लावला नाही, आणि तसं त्यांना सांगितलंही. फक्त या वेळी हवा मारली नाही. कापसाने हलकेच टिपलं, दात किंचित ओलसर चमकत राहू दिला, आणि तिचा हात कापला नाही. हज्जांनी आरशात पाहिलं आणि हे लालवालंच आहे, सून म्हणतेय ते साफ खोटं आहे, हे मनाशी ठरवून टाकलं.

गुरुवारी नवरी दारात आली. हज्जा पुढे झाल्या, मान मागे टाकली आणि त्यांनी अशी किलकारी दिली की गल्लीतली कबुतरं उडाली. सवयीने रबाबने ओंजळ पुढे धरली. ती रिकामीच राहिली, आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

सरबत घेऊन बसलेल्या, भाचीच्या सासरच्या त्याच काकांनी पेल्यावर तळहात झाकून ठेवला होता.

"काढा हो हात, बिनधास्त प्या," हज्जा सगळे दात दाखवत म्हणाल्या. "आमच्या सुनेचं सिमेंट आहे. आधी गच्चीवरून फेकून पाहिलं, मगच तोंडात बसवलंय."