शेषराव तिकीट उघडतात

बायकोला फोन करून "कधी येतेस?" एवढं विचारायचं नाही, असं अमडापूरच्या शेषरावांनी ठरवलं आणि तिथंच सगळं बिघडलं.

आशाबाई पुण्याला लेकाकडे गेल्या होत्या, नातवाच्या पायी. (नातू रांगायला लागला तरी आजीला सोडेना.) त्या गेल्या तेव्हा शेषरावांनी गावभर सांगून टाकलं होतं, "आता पाहा, कसा राजासारखा राह्यतो!" राजा रोज खिचडी खात होता. जन्मभर लोकांच्या चपला लपवणारा हा माणूस आता स्वतःचीच चप्पल लपवायचा आणि शोधत बसायचा. सापडली की हसायला कोणी नाही.

लेकानं, म्हणजे गोपालनं, घरी एक जुना लॅपटॉप ठेवला होता. त्यात लिनक्स नावाची फुकटातली सिस्टीम. त्यावर एक दिवस गोपालचा ईमेल आला : 'आईचं यायचं तिकीट काढलं, सोबत जोडलंय. चिखलीच्या स्टँडवर घ्यायला जा.' शेषरावांनी तिकिटावर टिचकी मारली. लॅपटॉपनं हात वर केले : पीडीएफ दाखवणारं सॉफ्टवेअरच नाही.

दुसरा कोणी असता तर दिवस कोणता ते विचारून मोकळा झाला असता. पण विचारलं की आठवण येते हे कबूल करणं आलं! शेषरावांनी फोन लावला तो गोपालला.

"ते पीडीएफचं सॉफ्टवेअर कसं बसवतेत रे?"

"कायले पाहिजे बाबा?"

"असंच. शिकून राह्यलो."

गोपालनं घाईघाईत लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत लिहायची हुकमाची एक ओळ सांगितली. "मंग थे पासवर्ड मांगन. आईनं ठेवला हाय, तिचंच नाव. मी मीटिंगले चाललो."

शेषरावांनी ओळ लिहिली. पासवर्ड मागितला. त्यांनी इंग्रजी अक्षरं शोधून शोधून 'आशाबाई' दाबलं. पडद्यावर काहीच उमटेना, साधा ठिपकासुद्धा नाही. (लिनक्समध्ये पासवर्ड लिहिताना दिसत नसतो, पण हे सांगायला घरात होतं कोण?) त्यांनी अख्खा लॅपटॉप उपडा करून झटकला. शेंगांची टरफलं पडली, अक्षर पडलं नाही. आणखी जोरात दाबलं. उत्तर आलं : चूक. मग आशा, मग आशाताई. चूक, चूक. दुसरा दिवसही असाच गेला. शेषरावांना जरा बरंही वाटलं. घरात कोणीतरी त्यांना चूक म्हणत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते लॅपटॉप काखेत मारून शेजारी गेले. माणिकराव, त्यांचे शाळेपासूनचे दोस्त, अंगणात दोरी वळत बसले होते.

"माणक्या, माह्या बायकोचं नाव काय बे?"

माणिकरावांचा हात थांबला. "यात मले फसवाचं कुठं हाय, थे आंधी सांग."

"आईशपथ, खरंच विचारून राह्यलो. आशाबाई चालत नाई याले."

"आशा तं तू ठेवलं! लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं तूच लिहिलं नवं नाव. त्याच्या आंधी तिले नाव नव्हतं काय लेका?"

असणारच. पण शेषरावांना आठवेना. सारा संसार 'आवं' या एका हाकेवर निभला होता.

"चांगुणा," माणिकराव म्हणाले. "मांडवात तिची माय तेच नाव घेऊन रडून राह्यली होती. तू जिलबी खाऊन राह्यला होता."

शेषराव घरी आले. रिकाम्या घरात त्यांनी ते नाव एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. कोणी ओ दिली नाही. मग एकेक अक्षर दाबलं. दिसलं काहीच नाही, पण या खेपेला चूकही म्हटलं नाही.

लॅपटॉपनं विचारलं, पुढं जाऊ? वाय की एन? शेषरावांनी मोठ्या आनंदानं लिहिलं, 'हाव', म्हणजे हो. लॅपटॉपनं सगळं रद्द केलं. पुन्हा ओळ, पुन्हा चांगुणा, आणि आता नुसता वाय. अक्षरं भराभरा धावली आणि तिकीट उघडलं.

पुणे ते चिखली. पोहोचण्याची तारीख : आजची. वेळ : सकाळची. बाहेर ऊन उतरायला लागलं होतं.

शेषराव उठून दाराकडे धावले, तोच दारात जीप थांबली. दोन पिशव्या घेऊन आशाबाई उतरल्या.

"दिवसभर ष्टँडावर बसली मी!"

"मंग फोन काऊन नाई केला?"

"मले वाटलं मस्करी करून राह्यले, लपले असान कुठीसा. रसवंतीच्या मांगं पाह्यलं, खांबामांगं पाह्यलं. एक म्हातारा दुपट्टा घेऊन झोपला होता, त्याच्या तोंडावरचा दुपट्टा ओढला. थो दुसऱ्याचाच निघाला!"

शेषराव पुढं झाले. ते नाव अगदी ओठावर आलं होतं, तेवढ्यात कुंपणावरून माणिकराव ओरडले, "वहिनी, घ्याले कसा येईन थो? तुमचं माहेरचं नाव विचारत फिरून राह्यला! शेवटी म्याच सांगतलं."

आशाबाईंनी नवऱ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि पिशव्या त्याच्या हातात दिल्या.

"सांगून टाकलं काय भाऊजी? घ्या, आता मले पासवर्ड बदला लागन!"