कपाटाचा जुना रंग

आठवडाभर भावाकडे राहून उस्ताद घरी परतले, त्या दिवशी त्यांना कळलं की कपाटावरून बायकोचा हात गेला.

बायकोला जाऊन वर्ष झालं होतं. तिच्या लाकडी कपाटाच्या दाराला, कडेला, तळव्याएवढा हिरवा रंग झिजून लाकूड उघडं पडलं होतं. कडी काढताना ती तिथे हात टेकायची. उस्ताद दुपारी खुर्ची ओढून समोर बसत. पडद्यातून आलेलं ऊन त्या लाकडावरून सरकत गेलं, की ती आत्ताच काहीतरी काढून स्वयंपाकघरात गेली असावी असं वाटे.

आता तिथे चकचकीत हिरवा रंग होता. शेजारी जावई उभा होता, बक्षीस मिळाल्यासारखा. रंगारी बोलावून त्यानेच कपाट रंगवून घेतलं होतं.

"बाबा, ओळखता तरी येतंय का?"

"नाही रे," उस्ताद म्हणाले. खरंच येत नव्हतं.

जावई मनाने चांगला, त्याला दुखवायचं कसं? गुपचूप रंग पुन्हा जुना करायचा, असं त्यांनी ठरवलं. हयात गॅरेजात मोटारी रंगवण्यात गेलेली. रंग चढवणाऱ्याला तो उतरवायला कितीसा वेळ!

पण त्या हातांनी जन्मभर ओरखडे घालवले होते, केले नव्हते. पॉलिश पेपर फिरू लागला की हात आपोआप कडा मिटवी, फडकं मारी, लकाकी आणी. मागे सरून पाहिलं तर कपाट अपघातातून दुरुस्त होऊन आलेलं. मग त्यांनी डोळे मिटून घासलं. डोळे मिटताच ती आली, दार उघडून उभी राहिली, आपण काय काढायला आलो तेच विसरल्यासारखी. उस्ताद घासत राहिले. डोळे उघडले तेव्हा झीज झकास जमली होती, पण त्यांच्या स्वतःच्या छातीच्या उंचीवर. बायको जेमतेम त्यांच्या खांद्याला लागायची.

संध्याकाळी जावयाने ते पाहिलं आणि रंगाऱ्याला फोनवर फैलावर घेतलं. दुसऱ्या दिवशी बिचारा रंगारी येऊन आणखी दोन हात मारून गेला.

उस्ताद पुन्हा घासायला बसले आणि मुलीच्या तावडीत सापडले. सगळं सांगावं लागलं. ती हसली नाही. कपाटाशी गेली, डावा तळवा दारावर टेकवला, उजव्या हाताने कडी काढली.

"इथे, बाबा. मी आईएवढीच आहे. आणि कडा मिटवू नका. आई काही गॅरेजात नव्हती."

तिच्या हाताभोवती त्यांनी पेन्सिल फिरवली. फिरवता फिरवता थांबले.

"खालचा खण ती पायाने ढकलायची ना?"

"हो."

"कुठल्या?"

मुलीने डावा पाय उचलला, मग उजवा. उस्तादांनीही उचलून पाहिला. जावई डोकावला तेव्हा बापलेक कपाटासमोर एकेका पायावर डुलत होते. तो तसाच मागे फिरला. हल्ली तो त्या खोलीत कपाटापासून लांब, भिंतीला खेटून चालतो.

दाराची झीज जमली आहे. खालचा खण अजून कोराच आहे.