आमच्या घराण्याचं खोगीर

घोडा निवडावा तर आम्हीच. तंजावरात आमचं घराणं घोडेस्वारांचं म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणजे आम्ही सांगतो, बाकीचे ऐकून घेतात. त्यामुळे मुलाच्या लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वराची मिरवणूक मोटारीतून काढू, असं संबंधी, म्हणजे आमचे व्याही गणेशकुमार म्हणाले, तेव्हा मी दहा लोकांसमोर बजावलं, "आमचा प्रणवेश घोड्यावरून येणार!" भाड्याचं जनावर मला पटेना. पापनाशमला जाऊन सरळ पांढरी घोडी विकत घेऊन आलो.

खोगीर तेवढं विसरलो.

मिरवणुकीला चार दिवस उरले. चेन्नईच्या दुकानदाराने फोनवर किंमत सांगितली, ती मला वाटलं घोड्यासकट आहे. तिरुवैयारुच्या टांगेवाल्याने स्वस्तात दाखवलेलं खोगीर म्हणजे गवत भरलेलं पोतं निघालं. मला एका जागी बसवेना. अंगणात घोडी येरझारा घालत होती, घरात मी.

"कारच सांगा की हो," बायको, सुंदरी, म्हणाली. "संबंधी हसायचे ते आज हसतील. मिरवणुकीत अस्की, सगळीच्या सगळी माणसं हसतील, ते बरं का?"

तेवढ्यात मला माळ्यावरचं खोगीर आठवलं. पणजोबांच्या पणजोबांचं! दर आयुधपूजेला आम्ही ते खाली उतरवून हळदकुंकू लावतो. अस्सल चामडं, पितळी फुलं आणि मधोमध परातीएवढं भोक. लढाईत तोफेचा गोळा तिथून आरपार गेला. नेमके त्या क्षणी पणजोबांचे पणजोबा रिकिबीत उभे राहिले होते, म्हणून आज आम्ही आहोत.

"आणि खालचा घोडा?" सुंदरीने विचारलं.

लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, पण हा प्रश्न बाईला त्याच दिवशी सुचला. मी लगेच रामस्वामीला बोलावणं धाडलं. म्हातारा मृदंग मढवतो, चामड्यातलं त्याला सगळं कळतं. नेमके गणेशकुमारही घोडी बघायला येऊन बसले. बरंच झालं, म्हटलं, घराणं काय चीज आहे ते बघू देत.

"भोक तेवढं बुजवून दे," मी रामस्वामीला म्हटलं.

त्याने खोगीर उलटंपालटं केलं. "बुजवू? मग माणूस कुठे जाणार सार्?"

असं म्हणून त्याने त्या भोकात आधी एक पाय घातला, मग दुसरा. खोगीर कमरेपर्यंत ओढलं, पट्टे खांद्यावर टाकले आणि सत्तरीचा तो माणूस अंगणभर दुडक्या चालीने नाचू लागला.

"पोय्क्काल कुदिरै!" तो खुशीत म्हणाला. "खोटा घोडा कमरेला बांधून नाचतात ना, त्याचं आहे हे. पुढे कागदाचं तोंड, मागे शेपूट. माझा आजा नाचायचा. तुमच्या घरात कोण नाचायचं सार्?"

शरमेने माझे कान तापले. अर्धा माणूस अर्धा घोडा बघून घोडी मात्र बिथरली. तिने दावं तोडलं आणि फाटकातून जी सुटली, ती दुसऱ्या दिवशी पापनाशमला जुन्या मालकाकडे पोचल्याचाच फोन आला.

"मग मोटार सांगतो," मी हळूच म्हटलं.

"सांगा की," गणेशकुमार शांतपणे म्हणाले. "पण संबंधी, घोडा येणार असं मी आमच्या चारशे लोकांना सांगून बसलोय. आता माझ्या शब्दाचं काय?"

रामस्वामीने दोन दिवसांत तोंड आणि शेपूट जोडून दिलं. मिरवणुकीत प्रणवेश मोटारीत ऐटीत बसला होता आणि मोटारीपुढे नादस्वराच्या तालावर घोडा नाचत होता. घोड्याचं वय वर्षं सत्तावन्न, शिवाय गुडघेदुखी.

मांडवाच्या दारात मी धापा टाकत थांबलो. सुंदरीने पदराने माझा घाम पुसला.

"शिकवल्यावाचून छान नाचलांत हो," ती म्हणाली. "रक्तातच आहे तुमच्या."