चार शेवटांचा सापळा

"चोर पकडायला अक्कल लागत नाही, पद्धत लागते," फूटपट्टी म्हणाली, आणि दिग्दर्शक बाईंनी तिच्यावर विश्वास ठेवला. तिथेच सगळं बिनसलं.

फूटपट्टी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन ती या कार्टून सिनेमांच्या स्टुडिओत लागली ती बर्फासाठी. पडद्यावरचा बर्फ किती वेगाने पडावा, छपरावर किती साचावा, त्यात कुणी धपकन बसलं तर किती उडावा, हे ती गणिताने ठरवायची. एकदा तिने जाहीर केलं, की नायकाच्या टोपीवर इतका बर्फ आहे की एव्हाना त्याची मान मोडायला हवी. अख्खं दृश्य पुन्हा करावं लागलं. त्या दिवशी हे नाव पडलं ते कायमचं.

काम चालू होतं नाताळच्या सिनेमाचं. उंचीला घाबरणारा एक बुटका, त्याचा लाल मफलर, बर्फाचं वादळ, ते उठवणारा बर्फाचा राक्षस आणि सांताची उडती घसरगाडी. या बुटक्यापायी बाईंचे निम्मे केस पांढरे झाले होते. आणि त्या सोमवारी समोरच्याच चौकात दुसऱ्या एका स्टुडिओचं पोस्टर लागलं. उंचीला घाबरणारा एक पेंग्विन. लाल मफलर. मागे वादळ.

बाईंनी फूटपट्टीला केबिनमध्ये घेतलं आणि दार आतून लावलं.

"आपल्यातलंच कुणीतरी फितूर आहे. निर्मात्यांच्या कानावर गेलं तर सिनेमा बंद आणि आपण सगळे घरी."

"माझ्यावर संशय नाही तुमचा?"

"तुला गोष्टीतलं काही कळत नाही. तू विकणार काय, बर्फ?"

फूटपट्टीला हे अपमानास्पद वाटलं, पण खोटं म्हणता येईना. तिच्या वयाची पोरं कार्टून बघत होती तेव्हा ती मुंग्यांची वारुळं बघत होती.

सिनेमाचा खरा शेवट फक्त बाईंच्या डोक्यात होता. फूटपट्टीची पद्धत अशी, की प्रत्येक संशयिताला एकेक वेगळा खोटा शेवट गुपचूप सांगायचा. समोरच्यांच्या ट्रेलरमध्ये जो शेवट दिसेल, त्याचा धनी चोर. संशयित तीन. पात्रं काढणारे काका, कारण ते फोन आला की जिन्यात जाऊन बोलायचे. मुलांचे आवाज काढणाऱ्या मावशी, कारण साठीच्या बाईने पाच वर्षांच्या पोराच्या आवाजात वाण्याशी घासाघीस करावी हेच मुळात संशयास्पद. आणि आवाजाच्या खोलीतला दादा, कारण तो दिवसभर कानाला हेडफोन लावून दुसऱ्यांचं ऐकायचा.

शेवट तिने स्वतः रचले. रचताना तिला स्वतःचंच कौतुक वाटलं. असले भन्नाट शेवट जगात कुणाला सुचले नसतील, अशी तिची खात्री होती.

काकांना तिने जेवणाच्या सुट्टीत गाठलं. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून काका आपल्या डब्यातला अर्धा वाटा तिच्या झाकणात वाढायचे. आजही वाढला.

"काका, कुणाला बोलू नका. तो बर्फाचा राक्षस मुळात वाईट नसतोच. लहानपणी त्याला कुणी भेटच दिलेली नसते, म्हणून तो चिडका. शेवटी बुटका त्याला मफलर देतो."

"हं," काका म्हणाले आणि लोणच्याची फोड चोखू लागले.

धक्का नाही, आश्चर्य नाही. ज्याला आधीच ठाऊक असतं तोच चकित होत नाही, अशी नोंद तिने मनात केली.

मावशींना सांगितलं, की सांता ऐन वेळी आजारी पडतो आणि घसरगाडी सगळ्यांत लहान पात्राला हाकावी लागते.

"अय्या, खरंच?" मावशी पाच वर्षांच्या आवाजात म्हणाल्या आणि गालातल्या गालात हसल्या. गालातल्या गालात!

आवाजाच्या दादाने तर कहर केला.

"दादा, शेवटी बुटक्याचा मित्र, तो कुत्रा, बर्फात निपचित पडतो. सगळे रडतात."

"आणि एक अश्रू त्याच्या नाकावर पडतो, मग शेपूट हलतं."

"तुला कसं कळलं?"

"असंच."

असंच! पकडला गेलेला प्रत्येक माणूस आधी हेच म्हणतो, असं तिला वाटलं.

चौथा शेवट तिने कुणालाच सांगितला नाही. नीट केलेल्या प्रयोगात एक नमुना बाजूला ठेवतात, त्याला हातही लावत नाहीत. त्यालाही काही झालं तर समजायचं, की आपलंच काहीतरी चुकलंय.

शुक्रवारी समोरच्यांचा ट्रेलर आला. बाईंनी सगळ्यांना मोठ्या पडद्यासमोर बसवलं. फूटपट्टी पडद्याला पाठ करून, सगळ्यांकडे तोंड करून उभी राहिली आणि मान वळवून वळवून बघू लागली.

हल्लीच्या ट्रेलरमध्ये सबंध सिनेमाच असतो, पाहायची राहतात ती फक्त नावं. पहिल्याच झटक्यात सांता शिंकला आणि अंथरुणात पडला. पेंग्विनने लगाम हातात घेतला.

"मावशी!" फूटपट्टीने बोट रोखलं. "हे मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

मावशींनी इकडेतिकडे पाहिलं. तेवढ्यात पडद्यावर वादळातली दुष्ट राणी रडू लागली. लहानपणी तिला कुणी भेट दिली नव्हती.

"काका, तुम्हीसुद्धा?"

मग बर्फात एक कुत्रा निपचित पडला. अश्रू टपकला. शेपूट हललं.

"दादा!" तिचा आवाज चिरकला. "बाई, तिघेही! सगळी टोळीच आहे."

काकांनी मांडीवरच्या डब्याचं झाकण हळूच दाबून बसवलं.

"पोरी," मावशी म्हणाल्या, या वेळी स्वतःच्या खऱ्या, घोगऱ्या आवाजात, "आजारी म्हाताऱ्याची गाडी हाकणारं पोर मी जन्मभर करतेय. तू सांगितलंस तेव्हा मला वाटलं, माझी थट्टा करतेस."

"नाताळच्या कुठल्याही सिनेमात मित्र मरत नाही," दादा म्हणाला. "अश्रू टपकल्याचा तो आवाज माझ्याकडे तयारच असतो. दरवर्षी तोच वापरतो."

"योगायोग म्हणायचा का हा?" फूटपट्टी हट्टाला पेटली. "मग माझा चौथा शेवट का नाही दिसला? तो अजून—"

तिने मान वळवली. पडद्यावर सकाळ झाली होती. एक मुलगी अंथरुणात उठून बसली. सगळं स्वप्नच होतं तर. तिने खिशात हात घातला, आणि तळहातावर निघाला न वितळलेला बर्फाचा एक कण.

फूटपट्टी मटकन खुर्चीत बसली.

"हा कुणाला सांगितला होतास?" बाईंनी विचारलं.

"कुणालाच नाही."

"म्हणजे तुझ्या पद्धतीप्रमाणे चोर कोण?"

"चौघंही. मी धरून." मग विज्ञानाला जागून तिने भर घातली, "शिवाय तो कण इतका वेळ खिशात टिकणं शक्य नाही."

बाई कपाळ चोळत म्हणाल्या, "चोर सापडला असता तर बरं झालं असतं गं. निदान आपली गोष्ट चोरण्यासारखी आहे, असं तरी म्हणता आलं असतं."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. निर्माते. त्यांनीही ट्रेलर पाहिला होता. बाईंनी श्वास रोखून फोन कानाला लावला आणि थोड्या वेळाने गोंधळलेल्या चेहऱ्याने खाली ठेवला.

"ते खूश आहेत. म्हणाले, त्यांची गोष्टही तशीच आहे ना? मग आपली चालणारच. फक्त मफलर जरा लांब करा."

जेवणाच्या सुट्टीत फूटपट्टी कोपऱ्यात एकटी बसली. काका आले, समोर बसले, डबा उघडला. अर्धा वाटा तिच्या झाकणात वाढून म्हणाले, "जिन्यात मी बायकोशी बोलतो. इथे सगळे ऐकतात म्हणून."

फूटपट्टीने मान खाली घालून जेवण संपवलं. तिने आता कुणावरही संशय घेणं सोडलंय. फक्त एखादी कल्पना सुचलीच, तर आधी आजूबाजूला बघते आणि मग स्वतःलाही ती पूर्ण सांगत नाही. काय सांगावं, फुटायची.