मेहुण्याच्या मुक्कामाचा ठराव

पंधरा दिवसांसाठी आलेल्या मेहुण्याला पाचवा महिना लागला (मुक्कामाला हो), तेव्हा कुठे हेडक्लार्कने घरात बैठका सुरू करायचं मनावर घेतलं.

सरळ ‘आता निघ बाबा’ म्हणता आलं असतं. पण त्यासाठी लागणारी जीभ देवाने त्याला दिलीच नव्हती. भीड भिकेची बहीण, हे आईने लहानपणापासून ऐकवलं होतं. तेही त्याने भिडेखातर ऐकून घेतलं होतं. ऑफिसात शिपायाकडे पाणी मागायचं तर तो आधी ‘तुम्ही कामात नाही ना?’ असं विचारायचा. शिवाय मेहुणा म्हणजे बायकोचा सख्खा भाऊ. त्याला दुखवलं की भाजीत मीठ कमी पडणार, आणि ते मागायचीही सोय राहणार नाही.

तर मेहुणा आतल्या खोलीत पलंगावर, आई, बायको आणि मुलगी दुसऱ्या खोलीत, आणि घरमालक, म्हणजे स्वतः हेडक्लार्क, हॉलमध्ये घडीच्या खाटेवर. खाट मधोमध खोल गेलेली. सकाळी उठल्यावर पहिली दहा मिनिटं तो जमिनीवर काही तरी शोधत असल्यासारखा चालायचा. त्याला आपला पलंग परत हवा होता, बाकी जगाकडून काहीही नको होतं.

तशात ऑफिसने त्याला दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. विषय होता सर्वसहमतीने निर्णय. मतदान नाही, आवाज चढवणं नाही. गोल बसायचं, ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होणार त्यालाही बसवायचं, एकेकाने बोलायचं. कोणाचीच हरकत नसली तर ‘संमत’, ठराव पास. एकानेही हरकत घेतली तर विषय पुढच्या महिन्यात. हेडक्लार्क मनोमन खूश झाला. मेहुण्याला आपण घालवायचंच नाही, ठरावच घालवेल.

महिन्याच्या पहिल्या रविवारी बैठक भरली. विषय: घरातील जागेचा वापर. दहावीतली मुलगी वही घेऊन लिहायला बसली. अध्यक्ष म्हणून आईने मेहुण्याचं नाव सुचवलं आणि ते लगेच संमत झालं. (तो विमा विकायचा. समोरच्याचं सगळं पटल्याचा चेहरा त्याला छान जमायचा.)

“भाऊजी, तुमची अडचण मोकळेपणाने मांडा,” अध्यक्ष म्हणाले.

“अडचण अशी नाही. जरा पाठ...”

“तेल लाव,” आई म्हणाली.

पाठीला तेल लावावे, असा ठराव एकमताने पास झाला.

दुसऱ्या महिन्यात त्याने धीर करून ‘कोणी तरी वेगळी खोली बघितली तर’ इथपर्यंत मजल मारली. मुलीने हरकत घेतली. मामा गणित शिकवत होता, परीक्षा व्हायची होती. तिसऱ्या महिन्यात आईची हरकत. ती मेहुण्याला आपल्या आजारपणाची हकिगत सांगत होती आणि अजून ऑपरेशनपर्यंत आली नव्हती.

चौथ्या बैठकीपर्यंत परीक्षा संपली होती, आईच्या हकिगतीतले टाकेही निघाले होते. मेहुण्याने स्वतःच विषय काढला.

“खोली मिळतेय. आज दुपारपर्यंत कळवायचंय, नाही तर दुसऱ्याला जाईल. जावं म्हणतो. पण तुम्ही सगळे म्हणाल तरच.”

“संमत,” मुलगी म्हणाली.

“जा, पण फोन करत जा,” आई म्हणाली. “संमत.”

बायकोने पदराने नाक पुसलं आणि मान हलवली. उरला हेडक्लार्क. त्याला पलंग दिसायला लागला, वर धुतलेली चादर, उशी. त्याला मेहुण्याबद्दल एकदम फार माया वाटली. आणि मग दारातून निघणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला आजवर जे म्हणत आला, ते त्याची जीभ आपसूक बोलून गेली.

“एवढी काय घाई आहे? राहा की आणखी चार दिवस.”

मुलीचं पेन थांबलं. “बाबा, ही हरकत ना?”

“अगं, हरकत कसली. तसं म्हणायचं असतं.”

“म्हणजे मनात नसताना म्हणालात?” बायकोने विचारलं. आवाज अगदी साधा होता. या साध्या आवाजाची त्याला एकोणीस वर्षं धास्ती होती.

“छे, छे. अगदी मनापासून.”

“मग हरकत,” म्हणत मुलीने लिहून टाकलं.

मेहुण्याचे डोळे भरून आले. त्याने तिथल्या तिथे खोलीवाल्याला फोन लावला. “नको, राहू द्या. घरचे सोडत नाहीत.” आई म्हणाली, माझ्या लेकाचं मन मोठंच आहे, फक्त दिसत नाही. बायको तर त्याच्याकडे लग्नाच्या पहिल्या वर्षी बघायची तशी बघत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण हे बोलायचं कोणाजवळ?

“मग एक सांगूनच टाकते,” बायको म्हणाली. “धाकट्याचाही फोन आला होता. त्याला इथे नोकरी बघायचीय. पंधराच दिवस. तुम्हाला काय वाटेल म्हणून गप्प होते. दोघे भाऊ आतल्या खोलीत राहतील.”

“कोणाची हरकत?” अध्यक्षांनी विचारलं.

सगळे हेडक्लार्ककडे बघू लागले. तोंड उघडलं की काय होतं ते त्याने नुकतंच बघितलं होतं. या खेपेला तो शहाणा झाला होता. त्याने दातांवर दात रोवले आणि तोंडातून अक्षरही काढलं नाही.

मुलीने मनात पाच मोजले आणि वहीत लिहिलं: हरकत नाही. एकमताने संमत.