जयराम मास्तरांचा उपाशी दगड

जयराम मास्तरांकडे गेलात तर चहाची वाट पाहू नका. तो येणार नाही. दूध नासलेलं नसतं, साखर संपलेली नसते आणि मास्तर कंजूषही नाहीत. पाहुण्याला चहा न देण्यामागे शास्त्रीय कारण असलेले आमच्या पार्सें गावातले, किंबहुना गोव्यातल्या अख्ख्या पेडणे महालातले, ते एकमेव गृहस्थ. "आयतं दिलं की मेलं," असं म्हणतात आणि रिकामे हात चोळत तुमच्यासमोर प्रसन्नपणे बसतात.

हे शास्त्र त्यांना शेवाळाने शिकवलं. विहिरीतलं बुळबुळीत शेवाळ नव्हे. पावसात दगडांवर, झाडांच्या बुंध्यांवर मखमलीसारखं पसरतं ते. मास्तर शाळेत विज्ञान शिकवायचे. निवृत्त झाले आणि दुसऱ्या दिवशी भिंग घेऊन राईत शिरले. मी त्यांचा शेजारी. म्हापशाला नोकरीला जायचो. बस येईपर्यंत रस्त्यावर उभा, म्हणजे मास्तरांच्या तावडीत.

"बाबू, हवेत नत्र भरपूर आहे, पण झाडांना ते तसंच खाता येत नाही. शेवाळाच्या पानांत बारीक जीव राहतात. ते हवेतलं नत्र धरतात आणि शेवाळाला देतात. शेवाळ कुजलं की ते रानाला मिळतं. पण कधी? शेवाळ उपाशी असेल तेव्हा. वरून युरिया घातलास की काम बंद. आयतं मिळतंय, मरायचं कशाला?"

"म्हणजे उपाशी ठेवायचं."

"नत्रापुरतं. स्फुरद चिमूटभर लागतंच. नाहीतर हवेतलं धरायला अंगात जीव राहत नाही."

"मग तो उपास कसला?"

"एकादशीचा. भात चालत नाही, साबुदाणा चालतो."

मी म्हापशापर्यंत विचार करत गेलो आणि उतरलो तेव्हा चढताना होतो त्याहून जास्त गोंधळलेला होतो.

हा नियम मास्तरांनी सगळ्या सृष्टीला लावला होता. मांजराचं दूध बंद केलं. मांजर आमच्याकडे जेवायला येऊ लागलं. मास्तर म्हणाले, स्वावलंबी झालं. मुलालाही असंच वाढवलं. गणित अडलं तर सांगायचं नाही, सायकल पंक्चर झाली तर हात लावायचा नाही. मुलगा खरोखरच स्वतःच्या पायांवर उभा राहिला आणि त्याच पायांनी मस्कतला निघून गेला. मास्तरीणबाई वारल्यावर घरात मास्तर, पेजेचं भांडं आणि भिंग एवढंच उरलं.

आता पुरावा हवा होता. राईच्या कडेला तीन मोठे जांभे दगड आहेत. एकावरच्या शेवाळाला मास्तर युरियाचं पाणी घालायचे, दुसऱ्यावर स्फुरदासाठी हाडांचा चुरा भुरभुरायचे आणि तिसऱ्याला काहीच नाही. तो उपाशी दगड. प्रत्येकावरचं थोडं शेवाळ पाण्यात पिळायचं आणि ते पाणी करवंटीत पेरलेल्या नाचणीला घालायचं. ज्याची नाचणी हिरवीगार, त्या शेवाळाने जास्त नत्र धरलं. युरियावाल्या दगडाची नाचणी हिरवी झाली तर ती शेवाळाने की युरियाने, असं मी विचारलं. मास्तर म्हणाले, "तू बस पकड."

पण खरंच, उपाशी दगडाची नाचणी तरारली. मास्तर रस्त्यावर करवंटी उंच धरून उभे होते, जणू जत्रेत देवाची तरंगं, त्या सजवलेल्या उंच काठ्या, नाचवतायत. "बघ. कुणी काही दिलं नाही. हवेतून ओढलंय."

मग गोंधळ सुरू झाला. दगडावर मुंग्या लागल्या. शेवाळावर तांबडे कण दिसू लागले. मास्तरांनी भिंगातून पाहिलं आणि सिद्धांत मांडला, "डिचोलीच्या खाणींची धूळ. वाऱ्याने येते. त्यात लोह असतं, या जीवांना तेही लागतं."

मी बोट लावून पाहिलं. "मास्तर, हा शेंदूर आहे. आणि दगडाला दुधाचा वास येतोय."

मास्तरांनी भिंग धोतराला पुसलं आणि पुन्हा पाहिलं.

रविवारी सकाळी आम्ही दोघे काजूच्या झाडामागे दबा धरून बसलो. आली ती पार्वतीबाय. दोडामार्गाकडची. रस्त्यालगत भाड्याच्या खोलीत राहायची. तिचा मुलगा खाणीवर ट्रक चालवायचा. तिने दगडावर दूध ओतलं, केळीच्या पानावर गुळाचा रोट ठेवला, शेजारी एक विडी ठेवली आणि हात जोडले.

"बा राखणदारा, म्हाराजा, माजो झील डिचोलेक खाणीर गाडी चालयता. तेच्या गाडयेचो बिरेक सांबाळ. तेका वेळार जेवक गावांदे. तू मात्र हयसून खंय जाव नको."

ती गेल्यावर मास्तर म्हणाले, "म्हणजे हा उपाशी नव्हताच."

पुढे मी पार्वतीबायला विचारलं, जागेची राखण करणारा देव म्हणून हाच दगड कसा निवडला? ती म्हणाली, "मास्तर रोज सकाळी तेच्यासमोर ढोपरार बसान वाकतत. येवढो शिकलेलो माणूस उगाच वाकात?"

त्या रविवारी मात्र मी मास्तरांना म्हटलं, "सांगून टाका तिला."

"काय सांगू? ब्रेक सांभाळणारं इथे कोणी नाही म्हणून?" मास्तर दगडाकडे बघत राहिले. "बाबू, आमच्या घरातही मागच्या दाराने कुणीतरी घालत असणार. खाऊ, गणितं, काय काय. मी आपला म्हणत राहिलो, पोरगा कुणी काही न देता वाढला. आता विचारू कुणाला?"

मग त्यांनी रोट उचलला आणि खायला लागले. "शेवाळाला मिळता कामा नये," तोंड भरलेलं असताना म्हणाले. "प्रयोग बिघडेल."

प्रयोग केव्हाच बिघडला होता. पण मास्तर दर रविवारी रोट खाऊ लागले. विड्या खिशात साठत गेल्या. पान रिकामं पाहून पार्वतीबाय समाधानाने घरी जायची. पाऊस संपला. शेवाळ वाळून तपकिरी झालं. नाचणीच्या करवंट्या रिकाम्या पडल्या. मास्तर मात्र भिंग घेऊन रविवारी हजर.

त्यांना मधुमेह होता, हे सगळ्या गावाला माहीत होतं. मला राहवलं नाही. पार्वतीबाय नळावर भेटली तेव्हा म्हटलं, "राखणदाराला गोड सोसत नाही हो आता. वय झालं."

ती हसली नाही. घागर कमरेवर घेत "बरां" म्हणाली आणि गेली.

पुढच्या रविवारी मीही मास्तरांबरोबर गेलो. पानावर बिनगुळाचा रोट होता. विडी नव्हती. शेजारी वाटीने झाकलेला स्टीलचा पेला होता. मास्तरांनी झाकण काढलं. वाफ आली.

राखणदाराला ताडी देतात, सोरो म्हणजे दारू देतात. गरम चहा दिलेला मी ऐकला नाही.

मास्तरांनी घोट घेतला. "साखर नाही यात," म्हणाले. रस्त्यापलीकडे पार्वतीबायच्या चुलीचा धूर वर येत होता. मास्तर तिकडे बघत उभे राहिले. मी "आयतं दिलं की..." ची वाट पाहत होतो. ते आलं नाही.

त्यांनी वाकून नाचणीची एक करवंटी उचलली, धोतराच्या सोग्याने आतून पुसली, अर्धा चहा तिच्यात ओतला आणि माझ्यापुढे धरली.

"घे," म्हणाले. "निवेल."