ऐपतीच्या तीन पायऱ्या

व्याधी आणि ऐपत, दोन्ही माणसाला देवानेच दिलेल्या असतात. फरक इतकाच, की पहिली दहा जणांना दाखवल्याशिवाय चैन पडत नाही आणि दुसरी कुणाच्या नजरेस पडली तर झोप लागत नाही.

आमच्या गल्लीच्या टोकाला निघालेल्या समग्र स्वास्थ्य केंद्राने या दोन्हींचा एकत्र विचार केला आहे. तिथे श्वास, सुगंध, नाद आणि मर्दन असे चार उपचार मिळतात. (कुणाविषयी वाकडं बोलायचं नाही, असा माझा रोजचा नेम आहे. तो दुपारपर्यंत सहज पाळला जातो. हे मी सकाळी लिहिते आहे.)

दरपत्रक दाराशीच लावलं आहे. पायऱ्या तीन: टेकू, समतोल आणि औदार्य. समतोलाचे पैसे टेकूच्या दुप्पट, औदार्याचे चौपट. उपचार मात्र सगळ्यांना एकच, तेलही एकाच बाटलीतलं. आपली पायरी आपणच ठरवायची. पुरावा कुणी मागायचा नाही, कारण ऐपत ही अंतःकरणाची बाब आहे, असं संचालिकाबाई म्हणतात. त्या इतक्या हळू बोलतात, की ऐकणाऱ्याला पुढे वाकावंच लागतं (पाठदुखीवाल्यांनी दुसऱ्याला विचारून घ्यावं).

विचारायचं नाही म्हटल्यावर लोक आपणहून सांगू लागले. बाहेरच्या खोलीत वेताच्या खुर्च्यांवर बसून जे दारिद्र्य ऐकायला मिळतं, ते खऱ्या गरिबाला सुचणारही नाही. नाव नोंदवण्याआधी काढलेल्या अंगठ्या ठेवायला स्वागतिकेने एक वाटी मांडली होती. ती पुरेना, तेव्हा पातेलं आणलं. घरं बांधून विकणारे एक काका गाडी दोन गल्ल्या पलीकडे लावून चालत येतात. "धंद्यात काही राम उरला नाही हो, वहिनी," असं ते गुडघा चोळत म्हणतात. आले होते झोप लागावी म्हणून. गुडघा या चालण्याने धरला. आता गुडघ्यासाठी आठवड्यातून दोनदा यावं लागतं, आणि दोनदा यायचं तर टेकूशिवाय परवडत नाही. यात चूक काढायला कुठेही जागा नाही.

केंद्राच्या अहवालाप्रमाणे टेकू घेणाऱ्यांपैकी शेकडा ऐंशी जणांचं स्वतःचं घर आहे. उरलेल्या वीस जणांची दोन आहेत.

औदार्याच्या पायरीवर कोण असतं? माझी धाकटी जाऊ असते.

ती शाळेचे गणवेश शिवते. गेले तीन महिने तिची मान डावीकडे वळत नाही. रस्ता ओलांडताना ती अख्खी फिरते, कपाट सरकवावं तशी. मशीनवर तासभरही बसवत नाही, आणि शाळा उघडायच्या आत गणवेश गेले नाहीत, तर हे काम कायमचं दुसरीकडे जाणार. मर्दनवाल्या बाईंचा हात पडला की मात्र दोन-तीन दिवस मान वळते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. बाई म्हणाल्या, "दर आठवड्याला आलात, तर सुट्टी संपायच्या आत मोकळी करून देते."

पण जाऊबाई चौपट पैसे मोजतात आणि महिन्यातून एकदाच जातात.

"अगं, टेकू घे की," मी म्हटलं.

"चारचौघांत? त्या अंगठ्या काढून बसलेल्यांसमोर? मेले तरी नाही, वहिनी! आपण काय हात पसरायला गेलोय?"

अशा लोकांच्या जिवावरच केंद्राचं भाडं सुटतं. संचालिकाबाईंना याचं फार कौतुक आहे. गरजूंमध्ये औदार्य आणि सुखवस्तूंमध्ये नम्रता! इतक्या वर्षांच्या प्रवचनांना जे जमलं नाही, ते एका दरपत्रकाने करून दाखवलं.

मी आठवडाभर जावेच्या मागे लागले. शेवटी "तुमच्या शब्दाखातर हं" म्हणून ती माझ्याबरोबर निघाली. केंद्रात नावनोंदणीच्या खिडकीपाशी गेली, आवाज संचालिकाबाईंच्याही खाली आणला आणि म्हणाली, "टेकू."

"अगंबाई! टेकू भरला हो," स्वागतिका म्हणाली. "शाळा उघडेपर्यंत एक जागा नाही. औदार्यात उद्या सकाळचीच आहे. देऊ?"

जाऊने तोंड फिरवावं, तर तीही सोय उरली नव्हती.

आतून संचालिकाबाई आल्या. आम्ही दोघी पुढे वाकलो (जाऊ कमरेतून). "टेकूतलं कुणी एक जण समतोलावर चढलं, की ती जागा यांचीच," त्या म्हणाल्या. "समतोल सगळा मोकळा आहे. अजून कुणी घेतलेलाच नाही." (आमच्या भागात ज्याला विचारावं तो स्वतःला मध्यमवर्गीय म्हणवतो. पण ती केंद्राबाहेरची माहिती झाली.) दर आठवड्याला दुप्पट मोजायचे, तर जावेच्या महिन्याच्या पैशांत दोनच आठवडे निघाले असते.

तेव्हा मी बाहेरच्या खोलीत उभी राहिले आणि जमलेल्या मंडळींना हात जोडून सगळी हकीकत सांगितली. शिवण, शाळा, मान, सगळं. लोक चांगले असतात हो. काका तर गुडघा चोळायचं विसरले. "कुणीतरी चढायलाच हवं, वहिनी! माणुसकी म्हणून काही आहे की नाही?" सगळ्यांनी माना डोलावल्या. वर, खाली, उजवीकडे, डावीकडे. एकही कुठे अडकली नाही. मग जो तो आपली पाळी आली तसा आत गेला.

तुम्हीही वाचता वाचता मान डोलावलीत. किती सहज हलते तुमची! बाईंच्या हाताला खरंच गुण आहे. आता यायचे असाल, तेव्हा संकोच नको. जाऊ दाराजवळच्या खुर्चीवर बसलेली असेल. तिच्या डाव्या बाजूने आत जा. तिला दिसायचं नाही.